दुप्पट, पण कशाची?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

शाळेचं गणित मंडळ यंदा तुझ्याकडे आलं आणि पहिलाच उपक्रम तू चित्रकलेचा घेते आहेस, हे वाचून बरं वाटलं. जन्मभर चित्रकला शिकवली, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

गुणोत्तराची व्याख्या आधी फळ्यावर लिहू नकोस. हत्तीचं एखादं लहान चित्र घे, त्यावर एक सेंटिमीटरचे चौकोन आख आणि एकेका मुलाला एकेक चौकोन वाटून दे. प्रत्येकाने आपला चौकोन चार सेंटिमीटरच्या चौकोनात उतरवायचा. अंदाजाने काढलेले तुकडे जोडले की सोंड मध्येच तुटेल. तेव्हा एवढंच विचार, मूळ रेषा चौकोनाची कड कुठे ओलांडते? पाव भागावर ओलांडत असेल, तर मोठ्या चौकोनातही पाव भागावरच. तुटलेली सोंड जोडता जोडता मुलं प्रमाण शिकतील.

रंगवण्याआधी विचार, रंग किती पट लागेल? बहुतेक जण ‘चौपट’ म्हणतील. उत्तर सांगू नकोस, लहान चौकोन मोठ्यात मांडून मोजू दे. सोळा बसतात.

पुढच्या तासाला कागद आण. ए-फोरच्या बाजू २१० आणि २९७ मिलिमीटर, ए-थ्रीच्या २९७ आणि ४२०. कागद दुप्पट झाला, तरी झेरॉक्सवाला चित्र मोठं करायला १४१ टक्के लावतो. का, ते मुलांनाच शोधू दे. २ चं वर्गमूळ असं हाती लागलं की ते पाठ करावं लागत नाही.

गणपतीच्या दिवसांत शाडू घे. मूर्ती सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की माती आठपट लागते. पायांचं क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढतं, म्हणजे पायांच्या दर चौरस सेंटिमीटरवर भार दुप्पट. मोठ्या प्राण्याचं हाड लहान प्राण्याच्या हाडाहून प्रमाणाबाहेर जाड का हवं, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात याच हिशेबाने मांडलं आणि सोबत हाडांचं चित्रही दिलं. ‘दुप्पट कर’ म्हटल्यावर ‘कशाची? लांबीची, क्षेत्रफळाची की घनफळाची?’ असं मुलं उलट विचारू लागली, की तुझं काम झालं समज.

कुणीतरी सुवर्ण गुणोत्तराची वेटोळी ओढलेली चित्रं नक्की आणेल. त्याला नाउमेद करू नकोस, हातात पट्टी दे. जाड रेघ कुठेही बसवता येते, मोजमापात ती टिकते का ते पाहू दे. सोबत आपल्या शिल्पशास्त्रातलं नवताल दाखव. चेहऱ्याची लांबी हे माप आणि पूर्ण मूर्ती त्याच्या नऊपट. मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, हिशेब तोच.

शेवटचं, सुबक चित्राला बक्षीस ठेवू नकोस. ते नेहमीच्याच दोघा-तिघांना मिळतं आणि बाकीचे खोडरबर घासत बसतात. रेषा कुठे आणि का चुकली, हे जो दाखवेल त्याचं कौतुक कर. चित्राला घाबरणारी आणि गणिताला घाबरणारी, दोन्ही मुलं मग टिकून राहतील.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा