भिंतीतले गोचीड

चि. सायली,


मोतीच्या कानामागचे गोचीड काढलेस, हे वाचून बरं वाटलं. पण तेवढ्यावर थांबू नकोस. अंगावर दिसतात ते थोडे, उरलेले तुमच्या घरात आहेत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि चौकटीच्या फटीत, भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. ती पिलावळ पुन्हा मोतीवरच चढणार. म्हणून भेगा सिमेंटने बुजवून घे, त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धू आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्या तारखेला देत राहा. पावसाळा सरला तरी देत राहा. आपल्याकडे गोचीड बारमाही असतात.

काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ. रॉकेल लावणं, उदबत्तीचा चटका देणं असलं काही करू नकोस. नखाने चिरडू नकोस, स्पिरिटच्या बाटलीत टाक.

मला भीती आहे ती गोचीडतापाची. एर्लिकियाचे जंतू रक्तात शिरले की कुत्रा खाणं सोडतो, ताप चढतो, प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत रक्त तपासलं तर डॉक्सिसायक्लीनने बहुतेक कुत्री बरी होतात, मात्र गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. दोन दिवसांत शेपूट हलवू लागला म्हणून गोळ्या थांबवणारी माणसं माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा जीव तुटतो.

आता मनी. मोतीचं औषध तिला कधीही लावू नकोस. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते बाधतं: थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. मोतीला तसलं औषध लावलंच, तर मनीला त्याच्या कुशीत झोपू देऊ नकोस. पण ती घराबाहेर जात नाही म्हणून तिला वगळूही नकोस. मोतीच्या पिसवा तिच्यावर येतात आणि अंग चाटताना एखादी पोटात गेली तर चपटे जंत होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले की समज.

राहिले गोल जंत. मोतीला ते बहुधा आईच्या पोटातूनच आले असणार. पिल्लांचं असंच असतं. तुमचा धाकटा अंगणातल्या मातीत खेळतो, तेव्हा मोतीची विष्ठा रोजच्या रोज उचल. त्यातली अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे राहिली की बाधतात. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लू भराभर वाढतं. रविवारी मोती आणि मनी दोघांचं वजन करून मला कळव.

तुझी,
मावशी