पिल्लू वाकडं का निघतं?

कवच फोडून बाहेर आलेलं पिल्लू उभं राहायला जातं आणि दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात. एखाद्याची बोटं मुठीसारखी आत वळलेली, एखाद्याची बेंबी उघडीच. आमच्या हिवरा आश्रम गावात मे महिन्यात उबवणी यंत्रात घातलेल्या गावरान अंड्यांतून अशी पिल्लं निघाली, तेव्हा कोणी नजर लागली म्हणालं, कोणी कोंबड्याला दोष दिला. यंत्रावरचा आकडा तर 37.5 अंश दाखवत होता. अंड्यांजवळ तापाचा थर्मामीटर ठेवला, तो 39 च्या वर गेला. विकत घेतलेल्या यंत्राचा आकडाच खोटा होता, त्यात पत्र्याखालची खोली तापलेली.

तेव्हापासून मी एकच सांगतो: नशिबाला बोल लावू नका, पिल्लू नीट पाहा. बिघाड कुठे झाला ते बहुतेकदा त्याच्या अंगावर दिसतं.

पिल्लं 21 दिवसांच्या आधीच निघाली, बारीक आहेत, बेंबी मिटलेली नाही, तर ऊब जास्त झाली. उशिरा निघाली, पोट मोठं आणि अंग ढिलं, तर ऊब कमी पडली. पूर्ण वाढून कवचातच चिकटून मेली, तर बहुधा शेवटच्या दिवसांत ओलावा कमी पडला. बोटं आत वळली असतील तर आधी ऊब तपासा आणि मग कोंबडीचं खाणं. तिच्या आहारात बी-2 जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लाची बोटं वळतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना लसूणघास, हिरवा पाला, थोडं ताक द्या. चोच कातरीसारखी तिरकी असेल तर तो दोष बहुतेकदा वंशातून येतो. त्या पिल्लाची पुढे वीण घेऊ नका.

पंख्याच्या यंत्रात 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास. ओलावा पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के, नंतर 65 ते 70. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवा, 18 व्या दिवसानंतर हात लावू नका. अंडं उभं ठेवलं तर रुंद टोक वर हवं. उलटं राहिलं तर पिल्लाचं डोकं चुकीच्या टोकाला जाऊ शकतं आणि मग त्याला श्वास घेणं अवघड होतं. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. साठवणीची खोली तापलेली असेल तर आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होतो.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका. थोडा गारवा अंडं सोसतं, जास्तीची ऊब सोसत नाही.

पाय फाकलेलं पिल्लू टाकून देऊ नका. गुळगुळीत कागदावर ठेवल्यानेही पाय फाकतात, म्हणून खाली पोतं अंथरा. पहिल्या दोन दिवसांतच दोन्ही पाय चालण्याइतकं अंतर ठेवून मऊ पट्टीने सैल बांधा. तीन-चार दिवसांत बरीच पिल्लं सरळ चालू लागतात.

नवं यंत्र आधी रिकामं चालवा, आत दुसरा थर्मामीटर ठेवून दिवस-रात्र आकडे लिहा. ते जुळल्याशिवाय एकही अंडं घालू नका. आमच्या भागात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाचे थंडीचे दिवस उबवणीला चांगले. मे महिन्यात यंत्र बंदच ठेवा. घरात खुडूक कोंबडी असेल तर थंड, सावलीच्या कोपऱ्यात तिलाच अंड्यांवर बसवा.