त्वचेतून परतणारा प्रकाश

काही वर्षांपूर्वी औराद तालुक्यातील चार दिवसांचे एक बाळ संध्याकाळी माझ्याकडे आणले गेले. दवाखान्यातील पिवळ्या बल्बच्या उजेडात मी ते तपासले आणि ‘कावीळ सौम्य आहे, सकाळी आणा’ असे सांगितले. सकाळी खिडकीपाशी तेच बाळ तळपायापर्यंत पिवळे दिसले. रक्तातील बिलिरुबिन १०० मिलिलिटरला २१ मिलिग्रॅम निघाले. मेंदूला इजा होण्यापूर्वी उपचार झाले, हे त्याचे आणि माझेही भाग्य.

सहव्यावसायिकांना परिचित असलेली ही बाब अन्य वाचकांसाठी थोडी उलगडून सांगतो. आपल्या बिदरी सुरईवरील चांदीचे नक्षीकाम प्रकाश आरशासारखा परतविते. तिचा काळा पृष्ठभाग तो बहुतांशी गिळतो. दुधाची तऱ्हा निराळी. त्यातील स्निग्धाच्या व केसिनच्या असंख्य सूक्ष्म कणांवर आदळत, दिशा बदलत प्रकाश आत भटकतो आणि पुष्कळसा आल्या बाजूनेच बाहेर पडतो. म्हणून दूध पांढरे. (अशा माध्यमातून अगदी उगमाच्या दिशेने परतणारा प्रकाश आजूबाजूपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रखर असू शकतो. एकाच वाटेने सुलट व उलट गेलेल्या लहरी एकमेकींस बळ देतात. १९८५ मध्ये ॲमस्टरडॅम व ग्रेनोबल येथील शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखविले. डोळ्यांना मात्र हे जाणवत नाही.)

त्वचाही अशीच. तिच्यातील कोलॅजनचे तंतू प्रकाश विखुरतात. वाटेत बिलिरुबिन ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते. उरलेला परततो, तो पिवळा दिसतो. बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच तुटपुंजा, तेव्हा त्याची घट डोळ्यांना कशी कळावी? माझी चूक तिथेच झाली. सावळ्या त्वचेत मेलॅनिनही निळा प्रकाश शोषते, त्यामुळे आपल्याकडे अंदाज अधिकच चुकतो.

त्वचेवर टेकवायचे बिलिरुबिनमापक परतलेल्या निळ्या व हिरव्या प्रकाशाची तुलना करते. छोट्या गावातील दवाखान्यांना त्याची किंमत जड जाते. दिवसाचा उजेड मात्र भालकीत आणि आळंदमध्येही फुकट मिळतो. बाळाला खिडकीपाशी न्यावे, त्वचा बोटाने दाबून पाहावी, शंका येताच रक्त तपासावे. फोटोथेरपीचा निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिन आधी घटवितो, रक्तातील नंतर. म्हणून ती सुरू झाल्यावर डोळा आणि यंत्र दोन्ही फसतात. तेव्हा केवळ रक्ततपासणीवरच विसंबावे.