उन्हाची वीज आणि घरचा हिशेब

उन्हापासून वीज करणारी पाटी तुम्ही छपरावर पाहिली असेल. तिला सौर पॅनल म्हणतात. वसमतला जा नाही तर सेनगावला, आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. पण पॅनल केवढं घ्यावं? पाटी-पेन्सिल घ्या. आधी घरातली वीज मोजू.

१,००० वॅटचं साधन एक तास चाललं की एक युनिट वीज जळते.

समजा, घरात ६० वॅटचे चार जुने बल्ब आहेत. रोज पाच तास जळतात. ६० गुणिले ४, गुणिले ५. झाले १,२००. पंखे दोन, ७५ वॅटचे. दहा तास फिरले, १,५०० झाले. पाणी तापवायची सळई १,५०० वॅटची. ती एका तासातच १,५०० खाते. म्हणजे दोन पंख्यांची दिवसभराची वीज एका आंघोळीच्या पाण्यात गेली! बेरीज ४,२००. रोज चार युनिटांच्या वर, महिन्याला १२६ युनिट.

आता बल्बच्या जागी ९ वॅटचे एलईडी दिवे लावा. १,२०० चे १८० होतात. ३० वॅटचे नवे पंखे बसवा. १,५०० चे ६००. पाणी परसातल्या चुलीवर तापवा. पऱ्हाट्या शेतात आहेतच. बेरीज ७८०. महिन्याला साडेतेवीस युनिटसुद्धा नाही.

एक किलोवॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात रोज चारेक युनिट वीज देतं. पावसाळ्यात कमी. कडुलिंबाची सावली पडली तर आणखी कमी. पहिल्या घराला ते पुरत नाही. दुसऱ्या घराला टीव्ही धरूनही उरतं. उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि मीटर तिची नोंद ठेवतं.

केंद्र सरकारची सूर्यघर योजना २०२४ साली सुरू झाली. तीत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान ठेवलं. अनुदान मागाहून खात्यात येतं. आधी पैसे आपणच उभे करायचे. अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठं पॅनल घेऊ नका, बाबांनो. कर्जही तेवढंच वाढतं.

कुणी म्हणेल, पॅनल आलं, आता लाइट जायची नाही. तसं नाही. बॅटरी नसेल तर गावची लाइट गेली की पॅनलची वीजही थांबते. हे मुद्दामच केलेलं असतं. नाही तर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव जाईल. तेव्हा चार्जिंगचा एक दिवा घरात असू द्यावा.