जुगाराचं व्यसन: मदत कुठे मिळते, खर्च किती येतो

‘एवढं एकदा रिकव्हर झालं, की हात लावणार नाही.’ या एका वाक्यापायी पगार, दागिने आणि मुलांची फी जाते. उपचार बहुतेकांच्या आवाक्यात आहेत. महागात पडतो तो उशीर.

खेळायला काय पडतं?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट सगळं त्यात आलं. चोरून सट्ट्याची ‘आयडी’ देणाऱ्यांकडे पैसे अडकले, तर ते परत मिळतील ही आशा सोडा.

अधिकृत लॉटरीत एक लाखाचं बक्षीस लागलं, तर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ३१,२०० रुपये जातात. उरतात ६८,८००. वर्षभरात तिकिटांवर दीड लाख घालवले असले, तरी ते यातून वजा होत नाहीत. खेळायचंच असेल तर घरखर्च आणि हप्ते बाजूला काढा, गेली तरी चालेल एवढीच रोकड न्या. उसन्या पैशावर कधीच खेळू नका.

कर्ज झालं असेल तर

शेकडा दहाने वीस हजार घेतले, तर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. वर्षभरात २४ हजार भरूनही मुद्दल तसंच उभं. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करा. पैजेचे पैसे बुकीला कोर्टातून वसूल करता येत नाहीत. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ३०नुसार असा करार निरर्थक ठरतो. धमक्या आल्या तर पोलिसांत जा.

मदत आणि तिचा खर्च

* टेली-मानस, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही. घरच्यांनीही फोन करावा. जीव द्यायचे विचार येत असतील तर थांबू नका. असे विचार येणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, तातडीला ११२ लावा.
* सरकारी रुग्णालय: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, ते आधी विचारा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. दाखल व्हावंच लागतं असं नाही.
* खासगी तज्ज्ञ: एका भेटीची फी, अंदाजे किती भेटी, औषधं वेगळी का, हे पहिल्याच फोनवर विचारा. जुगाराच्या व्यसनावर काम केलंय का, हेही विचारा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराच्या अटी वाचा.

घरी आजच करा

बँकेच्या ॲपमध्ये रोजची व्यवहार मर्यादा कमी करा. काही महिने पगाराचा व्यवहार विश्वासातल्या माणसाकडे द्या. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. लपवलेली कर्जं त्यात सापडू शकतात. देणी फेडायला एकरकमी पैसे खेळणाऱ्याच्या हाती देऊ नका, थेट देणेकऱ्याला द्या आणि पावती घ्या.

उपचार चालू असताना पुन्हा पैसे लावले गेले, तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. डॉक्टरांना खरं सांगा आणि पुढची तारीख चुकवू नका.