कॅमेरा नंतर घ्या

कॅलिफोर्नियात राहता, फोटोग्राफीवर पोट भरायचं मनात आहे आणि त्यासाठी आधी महागडा कॅमेरा घ्यायला निघाला आहात, तर जरा थांबा. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घाला. कॅमेरे, ट्रायपॉड, लाइट वर्गापुरते उसने देणारी कॉलेजं बरीच आहेत.

अर्ज ऑनलाइन, फुकट. फी मात्र तुम्ही ‘रहिवासी’ ठरता की नाही यावर. राज्यात एक वर्ष आणि वर एक दिवस काढला असेल आणि इथंच राहायचा इरादा ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न अशा कागदांतून दिसत असेल, तर युनिटला ४६ डॉलर; कुपर्टिनोच्या डी अँझासारख्या तिमाही पद्धतीच्या कॉलेजात ३१. नाहीतर रक्कम कित्येक पटींनी चढते. वर्ष भरायला थोडे महिने उरले असतील तर खुशाल थांबा. जोडीदाराच्या नोकरीमुळं मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरही शिकायला आडकाठी नाही.

वर्ग भरला असेल तर प्रतीक्षा यादीत नाव टाका आणि पहिल्या तासाला हजर राहा. न आलेल्यांच्या जागा तिथंच वाटल्या जातात.

सुरुवात शक्यतो फिल्मच्या वर्गानं करा. डार्करूम चालू असलेलं कॉलेज त्यासाठी थोडं लांब पडलं तरी चालेल. ट्राय-एक्स ४००चा रोल घ्या. पूर्ण अंधारात तो रिळावर चढवून टाकीत बंद करा. हे आधी उजेडात, वाया गेलेल्या रोलवर, डोळे मिटून घोटून घ्या. डी-७६ डेव्हलपर तितक्याच पाण्यात मिसळून २० अंशांवर आणा आणि पावणेदहा मिनिटं ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला टाकी उलटीसुलटी करत. मग स्टॉप बाथ, फिक्सर, भरपूर पाणी.

निगेटिव्ह वाळली की आधी फिल्मची कड पाहा. तिथले आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात. आकडे ठळक आणि फ्रेम फिकट, तर कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडेही फिकट, तर चूक डेव्हलपिंगची. डिजिटलमध्ये स्लायडर सरकवून झाकून टाकता येणारा दोष इथं नेमका कुठल्या पायरीवर झाला ते कळतं. हा एक वर्ग अख्ख्या फीची वसुली करून देतो असं माझं मत आहे.

त्यानंतर स्टुडिओ लाइटिंग. आधी एकाच लाइटवर माणसाचा चेहरा जमवा, दुसऱ्याला हात नंतर लावा. फोटोशॉपचा वर्ग जमेल तेव्हा उरका.

दर वर्गात क्रिटिक होतं, म्हणजे प्रिंट भिंतीवर आणि सगळे त्यावर बोलणार. तेव्हा खुलासे देत बसू नका. ‘त्या दिवशी ऊन फार होतं’ हे गिऱ्हाईक ऐकून घेणार नाही. लोकांची नजर आधी कुठं गेली तेवढं लिहून घ्या. निवड शिकायची तर डोरोथिआ लँगनं १९३६ मध्ये निपोमोला काढलेल्या ‘मायग्रंट मदर’च्या आगेमागेच्या फ्रेम लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहा. लँग जवळ जवळ सरकत गेली आहे आणि जगाला माहीत आहे ती त्यातली एकच फ्रेम. पोर्टफोलिओही असाच गाळून करा: वीसेक फोटो, एकाच प्रकारच्या कामाचे. लग्नं आणि दागिने एकत्र कोंबू नका. डिग्री गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. ती चार वर्षांच्या विद्यापीठात पुढं जायचं असेल तर पुरी करा.

शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्वतः धंद्यात असतात. दुसऱ्या सत्रापासून त्यांना विचारा, असिस्टंट हवा आहे का? लाइट उचलताना कोटेशन, करार आणि गिऱ्हाईक सांभाळणं आयतं दिसतं. एच-४ वाल्यांनी मात्र वर्क परमिट हातात येईपर्यंत मंडळाच्या गणपतीचे काय किंवा मैत्रिणीकडच्या बारशाचे काय, फोटोंचे पैसे घेऊ नयेत. व्हिसाच्या अटी मोडतात.

परमिट आलं की पहिल्या कामाआधी लेखी करार करा: किती फोटो, कधी, कशासाठी वापरणार. नोकरीत नसाल तर फोटोचा कॉपीराइट काढल्या क्षणी तुमचाच. तरी नोंदणी करा. अप्रकाशित फोटो एका अर्जात ७५० पर्यंत जातात.