सायकलचा क्रँक अचानक मोडतो का?

तळवड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा शेडमध्ये काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी गेल्या पावसाळ्यानंतर मला भेटायला आला, तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुडकी होती. त्याला सायकलीची फार आवड. दर रविवारी पहाटे तळवड्याहून देहूमार्गे दूरवर जाऊन यायचे, हा त्याचा नेम. सायकल हलकी, आणि तिचे क्रँक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. (पायडल आणि मधला आस यांना जोडणाऱ्या दांड्याला क्रँक म्हणतात.) एका चढावर तो उभा राहून पायडल मारत असताना खटकन आवाज झाला आणि उजवे पायडल क्रँकच्या टोकासह पायाखालून निघून गेले. गुडघा फुटला. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून तेवढ्यावर निभावले.

क्रँकला दोन वर्षांची वॉरंटी होती आणि सायकल घेऊन झाले होते वीस महिने. पण दुकानदाराकडून उत्तर आले, "दगडावर आपटून मोडलेला दिसतो. अपघाताला वॉरंटी लागू नाही." "सर, मी कुठेही आपटलो नाही. पण हे सिद्ध कसे करायचे?" असा त्याचा प्रश्न होता.

पुरावा त्याच्याच हातात होता. तो कसा वाचायचा हे समजण्यासाठी आधी एक प्रयोग करून पाहा.

कागदांना लावायची तारेची क्लिप सरळ करा. ती काटकोनात वाकवा, पुन्हा सरळ करा, आणि किती खेपांनंतर तुटते ते मोजा. आता दुसरी क्लिप घेऊन ती निम्म्याच कोनातून वाकवा. खेपा पुष्कळ वाढतील. चार-पाच निरनिराळे कोन घेऊन आलेख काढा. एकदा वाकवल्याने जी तार तुटत नाही, ती तेवढ्याच वाकवण्याने पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते. धातूच्या या गुणधर्माला शिणवटा म्हणतात. क्लिपमध्ये आपण तार डोळ्यांना दिसेल इतकी वाकवतो. क्रँकमध्ये तसे काहीच दिसत नाही. पाय उचलला की तो पूर्ववत सरळ होतो, आणि तरीही आत काहीतरी साचत असते.

हा विषय माणसाला रेल्वेने शिकवला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने १८५० ते १८७० या काळात रेल्वेचे आस यंत्रावर लाखो वेळा फिरवून पाहिले. तुम्ही क्लिपचा जो आलेख काढाल तसाच, पण फार मोठ्या आकड्यांचा आलेख त्याच्या प्रयोगांतून निघाला. पोलादाच्या बाबतीत एक सुखद गोष्ट आढळली. प्रतिबल एका मर्यादेखाली ठेवले, तर सुमारे दहा लाख ते एक कोटी आवर्तनांच्या पुढे आलेख जवळजवळ आडवा होतो, म्हणजे भाग बहुधा मोडत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा आलेख मात्र असा आडवा होत नाही. तो हळूहळू का होईना, उतरतच राहतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणून सायकल हलकी होते. त्या हलकेपणाची किंमत ही अशी. म्हणूनच चांगला कारखाना ॲल्युमिनियमचा क्रँक जाड करतो.

आता क्रँकवर काय गुजरते ते पाहू. ६० किलोग्रॅमचा माणूस एका पायडलवर उभा राहिला, तर बल सुमारे ६०० न्यूटन. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर, म्हणजे आसाभोवती बलाचा आघूर्ण सुमारे १०० न्यूटन-मीटर. शिवाय पाऊल क्रँकच्या बाहेर काही सेंटिमीटर असते, त्यामुळे क्रँक वाकतो आणि पिळलाही जातो. हे किती वेळा? तुमच्या साध्या सायकलीचे पुढचे चक्र ४४ दात्यांचे, मागचे १८ दात्यांचे आणि चाकाचा परीघ २.२ मीटर धरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. शाळा ४ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन सुमारे १,४८० फेरे, आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर सव्वातीन लाख. आठवीत घेतलेली सायकल दहावी संपेपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते! आमचा रविवारचा स्वार मिनिटाला ८० फेरे, असे तीन तास मारतो, म्हणजे १४,४००. वीस महिन्यांचे पंचाऐंशी रविवार धरले तर बारा लाखांहून अधिक.

आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात शहरी सायकलीच्या क्रँकवर १,३०० न्यूटन बल एक लाख वेळा देण्याची चाचणी आहे. बल दुपटीहून जास्त आणि खेपा कमी. असे का, ते तुमचा क्लिपचा आलेख सांगेल.

तडा सुरू कुठे होतो? जिथे प्रतिबल एकवटते तिथे. ताणलेल्या रुंद पत्र्यातील गोल छिद्राच्या कडेला प्रतिबल सुमारे तिप्पट होते. टोकदार खाच असेल तर आणखी जास्त. क्रँकमध्ये पायडल बसवण्याचे आट्यांचे भोक ही अशीच जागा. माझा विद्यार्थी दिवसभर यंत्रावर भाग कापतो. त्याला हे सांगावे लागले नाही. "म्हणून आतल्या कोपऱ्याला रेडियस द्यायचा," असे तोच म्हणाला. कोपरा गोल ठेवा, या साध्या सूचनेमागे एवढे भौतिकशास्त्र आहे.

मग आम्ही पुडकी उघडली आणि मोडलेले तोंड तिरप्या उजेडात भिंगाखाली धरले. जवळजवळ दोन-तृतीयांश भाग गुळगुळीत आणि काळपट होता. त्यावर वक्र रेघा होत्या, समुद्राची ओहोटी वाळूवर ठेवून जाते तशा. उरलेला भाग खडबडीत, चकचकीत. गुळगुळीत भागात तडा हळूहळू सरकत गेला. त्याची दोन्ही तोंडे एकमेकांवर घासली आणि आत धूळ-पाणी शिरले. उरलेल्या धातूला भार पेलवेना, तेव्हा तो एका क्षणात तुटला. खटकन आवाज झाला तो या शेवटच्या तुकड्याचा. दगडाच्या एका तडाख्याने क्रँक मोडला असता, तर सगळे तोंड खडबडीत दिसले असते, आणि दांडाही बहुधा वाकला असता.

दुकानदाराचे म्हणणे मात्र एकदम झटकून टाकू नये. दगडाच्या जुन्या खोकेपासूनही शिणवट्याचा तडा निघू शकतो. म्हणून वक्र रेघांचे केंद्र कुठे आहे ते शोधले. ते भोकाच्या शेवटच्या आट्याशी होते. बाहेरून तिथे खोक नव्हती. ही छायाचित्रे पाठवली आणि तीन आठवड्यांत नवा क्रँक आला. त्याने तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले नव्हते, पॉलिश पेपर मारला नव्हता, दोन्ही वेगळे गुंडाळले होते. हे तो योगायोगाने करून बसला, पण नाहीतर पुरावा घासून गेला असता.

बदलून देण्याचा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुढेही येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो कंपनीने २०१२ ते २०१९ या काळात बनवलेले काही पोकळ, दोन भाग चिकटवून केलेले क्रँक तपासणीसाठी परत मागवले. एकट्या अमेरिकेत ते सुमारे ६ लाख ८० हजार होते. भाग एकमेकांपासून सुटल्याच्या साडेचार हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि सहा जणांना दुखापत झाली होती. तिथे बिघाड मुख्यतः जोडाचा होता. सगळे क्रँक सरसकट बदलले नाहीत. तपासणीत ज्यांत सुटण्याची चिन्हे दिसली तेवढेच फुकट बदलून देण्याचे ठरले. माझ्या मते सायकलस्वाराने हे वॉरंटीच्या कागदापेक्षा अधिक लक्षात ठेवावे, कारण तपासणी आपल्यालाही करता येते. क्रँक फडक्याने स्वच्छ पुसा. पायडलच्या भोकाभोवती आणि आसाजवळच्या वळणावर बॅटरीचा झोत तिरपा पाडून पाहा. पुसूनही काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा उमटणारी काळी रेघ हा तडा समजावा, आणि त्या सायकलीवर बसू नये.

नवा क्रँक उजव्या बाजूचा आला होता. तो बसवून झाल्यावर विद्यार्थ्याने विचारले, "सर, आता मोजणी शून्यापासून?" उजव्याची, हो. डाव्या क्रँकने मात्र तेच बारा लाख फेरे केले होते, आणि तो जागेवरच होता. आम्ही तो काढून पुसला आणि बॅटरी धरली. भोकाच्या कडेला केसाएवढी काळी रेघ होती.